गुडघ्याचे दुखणे आणि ताटातला भाव



भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. सांधे धरलेली माणसे तिथे लांबून येतात. कढत पाण्याने घटकाभर बरे वाटते, हे खरे. मग "वय झाले, आता दुखायचेच" असे म्हणत जो तो घरी परततो. आमची हरकत या वाक्याला आहे.

दुखणे थोडक्यांचे नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे, स्नायू यांचे दुखणे होते. म्हणजे जवळजवळ दर पाचात एक.

वयाने सांधे झिजतात. आयुष्यभर वाकून निंदण, कापूस वेचणी, डोक्यावर भारे, यानेही झिजतात. झिजलेली कूर्चा कोणत्याही भाकरीने परत येत नाही. सकाळी बोटे सुजून तासतासभर आखडत असतील तर तो संधिवात वेगळा; त्याला डॉक्टरच हवा. मात्र हाडात किती ताकद उरते, मांडीचे स्नायू किती धरतात आणि गुडघ्यावर किती वजन पडते, या तिन्ही गोष्टी रोजच्या जेवणाशी बांधलेल्या आहेत.

आता ताट पाहू. दिघाशी हे याच भिवंडी तालुक्यातले गाव, मुलूख भाताचा. ठाणे जिल्ह्यात वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी घेण्याची रीत जुनी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. नाचणी मागे पडली आणि ताटात नुसता भात उरला, की हाडांच्या वाट्याचे काय गेले ते या दोन आकड्यांत दिसते.

आपल्या कोरडवाहू भागात तीच गत ज्वारीची. कापूस आणि सोयाबीनने खरीप ज्वारीचे रान खाल्ले. ज्वारीबरोबर पाटातली तूर, मूग, तीळ, अंबाडीही गेली. कडबा गेला, म्हणून दावणीची म्हैस गेली आणि घरचे दूध गेले. उरला रेशनचा गहू-तांदूळ आणि साखरेचा चहा. ज्वारीतही कॅल्शियम फार नसते, शंभर ग्रॅमला पंचवीस-तीस मिलिग्रॅम. ज्वारीची भाकरी हाडांना पोसत होती ती तिच्या संगतीने. सोबत तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, डाळ, ताक असे.

हे सगळे आपणच पिकवतो आणि आपणच विकून टाकतो. डेअरीला दूध जाते, बाजारात तूर जाते. पैशाची नड असते, म्हणून जाते. आणि जे उरते त्यात वाढणारी बाई शेवटी बसते. चाळिशीनंतर तिचीच हाडे लवकर ठिसूळ होतात.

कापूसपट्ट्यात आणखी एक धोका आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने पाठ ताठ होते, सांधे आखडतात, आणि जेवणात कॅल्शियम कमी असेल तर इजा अधिक होते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. बोअरचे पाणी तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर निघाले तर पिण्यासाठी दुसरे पाणी मागा, ग्रामपंचायतीला धारेवर धरा.

घरात करण्यासारखे आम्ही सांगतो. विक्रीआधी वर्षाची डाळ आणि तीळ बाजूला काढा. घरी दूध असेल तर एक तांब्या घरात राहू द्या. जवस भाजून कुटून खा, औषध म्हणून नव्हे, चांगले तेल म्हणून. चहातली साखर कमी करा. ज्यांचे वजन वाढले आहे त्यांनी ते उतरवावे. एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आणि बाजारात पुडीतून मिळणारे "एका दिवसात आराम" देणारे औषध घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि ते दीर्घकाळ पोटात गेले तर हाडेच पोखरते.

पण सगळा भार घरावर टाकून सरकारला मोकळे सोडायचे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरडधान्यही लिहिले आहे, रुपया किलोने. २०२३ च्या जानेवारीपासून रेशनचे धान्य फुकट झाले. पण मुख्यतः मिळतो तो गहू आणि तांदूळच. ज्वारी पिकवणाऱ्याला भाव नाही आणि खाणाऱ्याला ज्वारी नाही! जिल्ह्यात पिकलेली ज्वारी, नाचणी, तूर आधारभूत किमतीने जिल्ह्यातच खरेदी करा आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्या, ही आमची मागणी आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत: बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि गेल्या वर्षी रेशनवर काय मिळाले त्याचा हिशेब. मग बोलू.