झोळीतलं बाळ आणि पाठीखालची थंडी

मैत्रिणींनो, पौषातली थंडी पडली की तान्ह्या बाळांच्या आयांची पत्रं हमखास येतात. या खेपेला शेंद्र्याहून एका भगिनीने लिहिलं आहे. यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, घर पत्र्याचं, बाळ दोन महिन्यांचं. जुन्या लुगड्याची झोळी बांधली आहे. "वरून दोन पांघरुणं घालते, तरी पहाटे बाळाची पाठ गारच लागते. सासूबाई म्हणतात, झोळीखाली शेगडी ठेव. ठेवू का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. शेगडी ठेवू नका. लोंबतं लुगडं पेटायला एक ठिणगी पुरते. शिवाय दार-खिडकी लावलेल्या खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला कळतही नाही. हे बाळापुरतंच नव्हे, बरं का! बाळंतिणीच्या खोलीत रात्री शेगडी ठेवून दार लावून घेण्याची पद्धत जिथे असेल, तिथे ती आजच बंद करा. सासूबाईंना मात्र तोडून बोलू नका. त्यांना बाळाची काळजी आहे म्हणूनच त्या सुचवतात. "आई, शेगडीपेक्षा तुमची जुनी गोधडी द्या, तिचं काम आहे," असं म्हणा. आणि काम खरंच गोधडीचंच आहे.

ते कसं, पाहा. पांघरुणाला स्वतःची ऊब नसते. त्याच्या धाग्यांत, कापसात जी हवा अडकते ती आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. अंगाखाली आलेलं पांघरूण वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ते नुसतं फडकं उरतं. जमिनीवर गादी घातली तर निदान खालून वारा लागत नाही. झोळी मात्र अधांतरी! तिच्या खालून गार हवा सारखी फिरते आणि पाठीची ऊब घेऊन जाते. म्हणून वर तिसरं पांघरूण घातलं तरी पाठ गारच राहते. उलट तेच पांघरूण बाळाच्या तोंडावर येण्याची भीती वाढते.

मग उपाय काय? गोधडी झोळीच्या आत न घालता बाहेरून बांधायची. एक हलकी, जुनी गोधडी घ्या. चारही कोपऱ्यांना घट्ट नाड्या शिवा. झोळीच्या दोन्ही टोकांना, जिथे दोर सुरू होतो तिथे, त्या बांधा. गोधडी झोळीच्या पोटाला खालून नुसती टेकली पाहिजे. फार ताणली तर दबेल, फार सैल सोडली तर मधून वारा जाईल. बाळाचं वजन झोळीनेच पेलायचं, गोधडीने नाही. बाळाला ठेवल्यावर दोहोंच्या मध्ये हात घालून पाहा. हात सहज जावा, पण पोकळी लागू नये. झोळीच्या आत मऊ उशी किंवा जाड गादी घालू नका, बाळाचं तोंड त्यात रुततं. घोंगडीची एक पातळ घडी आणि तिच्यावर सुती कापड पुरे. लोकर दबली तरी सुतापेक्षा जास्त हवा धरते.

ही युक्ती नवी नाही. थंडीत डोंगरावर झाडांना झोळी बांधून झोपणारे गिर्यारोहकसुद्धा आता पांघरूण असंच झोळीच्या बाहेरून खाली टांगतात. हुरड्याच्या दिवसांत शेतावर मुक्काम पडला आणि घरच्या मंडळींना दोन झाडांमध्ये झोळी बांधून झोपायची हौस आली, तर त्यांनाही हेच सांगा. झोळी झाडाच्या छायेत बांधावी, उघड्या आभाळाखाली नको. वर पानांचं छत असलं की दव कमी पडतं आणि अंगाची ऊबही तेवढी उडून जात नाही. वाऱ्याच्या बाजूला एक चादर आडवी बांधली की निम्मं काम झालं.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या बायका दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात. महिनोन्‌महिने कोपीत राहतात. फडाच्या कडेला, झाडाला नाही तर बैलगाडीला झोळी बांधून त्यांची लेकरं ऐन थंडीत निजतात. आपल्या घरी एखादी जादा गोधडी किंवा लोकरीचं टोपडं असेल आणि जवळपास टोळी उतरली असेल, तर देऊन या. त्या गोधडीला चार नाड्या लावूनच द्या.

आता झोळीबद्दल दोन गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. झोळीत बाळाचं अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबू शकते. म्हणून झोळी दिवसाची आणि आपल्या नजरेसमोरची. रात्री बाळाला आपल्या अंथरुणाशेजारी सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवावं. पत्र्याच्या घरात पहाटे गारवा जास्त, तेव्हा नेमकं तेच सोयीचं. झोळी जमिनीपासून फार उंच नको. कडी आणि दोर रोज ओढून पाहावा. बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी उतरवावी.

बाळ गारठलं आहे का, हे ओळखायला हाताची पालथी बाजू पुरते. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे. पोट आणि पाय दोन्ही गार, तर धोका. घाम आला असेल तर मात्र एक कपडा कमी करा. जास्त गुंडाळणंही वाईटच. ओलं लंगोट लगेच बदला, कारण ओलाव्याबरोबर ऊब जाते. गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवू नका. हवं तर तिने आधी अंथरूण शेकून घ्या आणि बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून टाका.

थंडी वाजणाऱ्या बाळाला सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. लंगोट-टोपडं ठेवून बाळाला उघड्या छातीशी उभं धरा, वरून शाल घ्या, आणि पाजा. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत सुरू केली, आज ती जगभर 'कांगारू मातृसेवा' म्हणून चालते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली. बाळाला ऊब देणं हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. डॉक्टर दूर असतानाही घरची बाई किती करू शकते, ते यावरून दिसतं.

पण एक लक्षात ठेवा. बाळ गार पडलं, मलूल झालं, दूध ओढेनासं झालं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा, आणि वाटेतही त्याला झोळीत किंवा दुपट्यात वेगळं न ठेवता छातीशी धरूनच न्या.