माओरी नावे आणि आपला ‘ङ’

न्यूझीलंडमधल्या माओरी गावांची नावे प्रत्येक अनुवादक मनाला येईल तशी लिहितो, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून सतत येत आहे. तक्रार रास्त आहे. इंग्रजी स्पेलिंग म्हणजेच उच्चार असे धरून आपण चालतो, तिथेच सगळे बिघडते. खुद्द न्यूझीलंडमध्ये या स्पेलिंगांवरून केवढा वाद झाला ते पाहा. वङानुई (वांगानुई) नदीच्या नावात ‘डब्ल्यू’पुढचा ‘एच’ १९९१ साली अधिकृतपणे आला. तिच्याच काठच्या शहराच्या नावात तो पक्का व्हायला २०१५ उजाडले. मधे, २००९ मध्ये, देशाच्या भूगोल मंडळाने ‘एच’ची शिफारस केली, तर संबंधित मंत्र्यांनी दोन्ही स्पेलिंगे अधिकृत ठरवून प्रश्न लोंबकळत ठेवला. तिथले माओरी ‘डब्ल्यू-एच’चा ‘फ’ म्हणतच नाहीत, मग ‘एच’ कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. पण तिथल्या बोलीत तो ‘व’ घशात किंचित अडवून उच्चारतात आणि ‘एच’ गाळला की त्याची खूणच पुसली जाते. उत्तरेकडच्या फङारेई (व्हांगारेई) शहरात मात्र याच दोन अक्षरांचा उच्चार ‘फ’जवळचा. म्हणजे स्पेलिंग पाहून भागत नाही. त्या गावचे लोक काय म्हणतात ते ऐकावेच लागते.

इंग्रजांना जे रोमन लिपीत जमत नाही ते देवनागरीत सहज जमते, आणि तरी आपण त्यांच्याच चुका गिरवतो, याचा संताप येतो. क्रिकेटच्या पानावर ‘माउंट माउंगानुई’ छापले जाते. तिथे ‘ग’ नाही. अनुनासिक आहे तो निव्वळ ‘ङ’, म्हणून ‘माउङानुई’ हवे. वाचक अडखळेल, हा नेहमीचा आक्षेप. पण ‘वाङ्मय’ वाचताना तो अडखळत नाही. इंग्रजी समालोचनात ऐकलेले नाव त्याला ओळखू येणार नाही, या आक्षेपात थोडे तथ्य आहे. त्यासाठी पहिल्या उल्लेखात रूढ रूप कंसात द्यावे, पुढे योग्य रूपच चालवावे. ऱ्हस्व-दीर्घाबाबत तर सबबीला जागाच नाही. २०१९ मध्ये भूगोल मंडळाने ८००हून अधिक माओरी नावे अधिकृत केली, त्यांतल्या कित्येकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ आहे. संगणकावर मजकूर इकडून तिकडे नेताना ती रेघ गळते आणि मुद्रितशोधक मूळ नाव पडताळत नाहीत.

अनुवादकांनो, हस्तलिखित देताना नावांची वेगळी यादी जोडा, रेघ असलेले मूळ स्पेलिंग तीत असू द्या आणि उच्चार स्थानिक माणसाच्या तोंडून ऐकूनच देवनागरी रूप ठरवा. मुद्रितशोधकांनी अशी यादी नसलेले हस्तलिखित हातात घेऊ नये.