तासांच्या हिशेबात हरवलेली माणसे

मंदीवर उतारा म्हणून अमेरिकेने २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. तीतील सुमारे १० अब्ज डॉलर राष्ट्रीय आरोग्य संस्थेला मिळाले. संशोधन अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांना, त्यातून किती रोजगार निर्माण झाले वा टिकले, हे दर तिमाहीस कळवणे बंधनकारक ठरले. ‘टिकलेला’ रोजगार सिद्ध कसा करायचा, यावर वाद माजला. अखेर त्याच डिसेंबरात निकष बदलला; अनुदानातून वेतन दिलेले तासच मोजायचे ठरले. हिशेब सोपा झाला खरा. पण अर्धवेळ राबणारे दोन संशोधक विद्यार्थी कागदावर एकच नोकरी ठरले. अनुदान संपल्यावर त्यांचे काय झाले, हे तासांची बेरीज सांगत नाही. सार्वजनिक पैशाचा जाब मागताना नेमका हाच प्रश्न विचारायला हवा.