जुळवून घ्यावे ते यजमानाने

गणपतीपुळ्याला आलेल्या पाहुण्याला इंटरनेट हवे असेल, तर त्याच्या संगणकाची मांडणी बदलायला लावणे योग्य नव्हे. जुळवून घ्यावे ते यजमानाच्या जाळ्याने.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. पूर्वी तो बहुधा हाताने भरावा लागे आणि घरी परतल्यावर पुन्हा बदलावा लागे. 1993 साली 'डीएचसीपी' हा नियमसंच प्रसिद्ध झाला. आता नवे यंत्र 'मला पत्ता कोण देईल?' अशी हाक घालते आणि यजमानाचा राउटर मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी उसना देतो.

खरी मेख या मुदतीत आहे. घरगुती राउटरजवळ साधारणपणे अडीचशेच पत्ते असतात. मुदत 24 तासांची असेल, तर अंगारकीला सकाळीच जेवून परतलेल्यांचे पत्ते दिवसभर अडकून पडतात. दुपारी आलेल्याला पत्ता मिळत नाही आणि दोष मात्र त्याच्या संगणकाला दिला जातो!

म्हणून खानावळ व लॉज चालविणाऱ्यांनी गर्दीच्या दिवशी मुदत तासाभराची ठेवावी. पाहुण्यांचे जाळे हिशेबाच्या संगणकापासून वेगळे ठेवावे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही हाच नियम पाळावा. परक्याच्या यंत्राला हात न लावता त्याची सोय करणे, हेच खरे आतिथ्य.