पिकअपच्या चाकावरचं लायनर: फेल्ट घ्यायचं की प्लास्टिक? काळ्या चिखलातलं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच महिन्यात मराठवाड्यात पावसाने कहर केला आणि धाराशिव जिल्ह्यात पुराने शेतंच्या शेतं खरवडून नेली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटेल. लोहाऱ्यात बसून बघितलं तर संबंध थेट चाकाखाली आहे. करापूर्वी ८ लाखांची गाडी असेल तर नुसत्या करात ८० हजारांचा फरक पडला. त्यामुळे गावागावात पिकअपची चौकशी वाढली आणि घेतलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात पाणंदीत घालावी लागणार, हेही ठरलेलं.

माझ्या मामाने अशीच गाडी बघायला घेतली. शोरूममध्ये ॲक्सेसरीजची यादी पुढे आली आणि त्यात चाकाच्या लायनरचे दोन प्रकार होते, फेल्टचं आणि प्लास्टिकचं. मामाचा मला फोन, ‘तू दिवसभर मोबाइलमध्येच असतोस, बघून सांग.’ मी बघितलं. यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण बहुतेक अमेरिका-कॅनडाचे. तिथला वाद बर्फाचा आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा. आपला वाद चिखलाचा. म्हणून हा लेख.

हे लायनर करतं काय?

चाकाच्या वर, पत्र्याच्या आतून बसवलेलं हे कवच. गॅरेजवाला त्याला फेंडर लायनर म्हणेल, कुणी इनर मडगार्ड म्हणेल. चाकाने उडवलेला खडा, पाणी, गारा थेट पत्र्यावर जाऊ नये एवढंच त्याचं मूळ काम. पण नव्या गाड्यांत हे काम महाग झालंय. पुढच्या लायनरच्या मागे बऱ्याच गाड्यांत वॉशरची टाकी, हॉर्न आणि हेडलाइटच्या वायरी असतात. एबीएस असेल तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायरही याच भागातून जाते. लायनर फाटलं की चिखल या जोडण्यांवर बसतो आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. जुन्या गाडीत पत्रा गंजायचा, आता पत्र्यासोबत इलेक्ट्रॉनिक्सही पणाला लागलेलं असतं.

प्लास्टिकचं लायनर म्हणजे साच्यातून काढलेली पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीईची शीट. फेल्ट म्हणजे पॉलिस्टरचे तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवून, गरम साच्यात दाबून केलेलं जाड नमद्यासारखं कापड. यातलं पॉलिस्टर पुष्कळदा जुन्या पाण्याच्या बाटल्यांपासून बनवतात, तेव्हा लग्नात फेकलेली बाटली कुणाच्या तरी चाकावर जाऊन बसलेली असू शकते.

फेल्टचा खरा गुण: आवाज

टायर रस्त्यावर घासून जो आवाज होतो त्याचा मोठा भाग साधारण ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास असतो. प्लास्टिकवर हा आवाज आदळतो आणि परत फिरतो, खडा लागला की ‘ठण्ण’ वाजतो. फेल्टमध्ये हवा तंतूंच्या बारीक वाटांत शिरते, घासते आणि आवाजाची थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते. खडाही मऊ जागेवर पडतो.

इथे एक गोष्ट कुठलाच विक्रेता सांगत नाही. १००० हर्ट्झच्या आवाजाची लांबी हवेत जवळजवळ ३४ सेंटिमीटर असते. कडक पत्र्याला अगदी चिकटून हवा फारशी हलतच नाही, ती सर्वात जास्त हलते त्या लांबीच्या पावपटीवर, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर अंतरावर. म्हणून फेल्ट पत्र्यापासून सुटं, मागे पोकळी ठेवून बसवलं तरच ते काम करतं. बाजारात मिळणारं पातळ फेल्ट गमाने पत्र्याला किंवा जुन्या प्लास्टिकला चिकटवून ‘केबिन सायलेंट’ होईल असं कुणी म्हणत असेल तर पैसे जपून ठेवा. आणि फेल्ट पाण्याने भरलं की तंतूंमधल्या वाटाच बंद होतात. ओलं फेल्ट जाड लगद्यासारखं वागतं, म्हणजे पावसाळ्यात त्याचा मुख्य गुणच रजेवर जातो.

दुसरा प्रश्न हा की तुमच्या गाडीत टायरचा आवाज ऐकू तरी येतो का? डिझेल पिकअप, काच खाली, मागे रिकामे क्रेट आदळतायत, त्यात टायरचं कोण ऐकतं! इलेक्ट्रिक मालवाहू गाडीत मात्र इंजिनाची घरघर नसते, मग टायरचाच आवाज वर येतो. तीच गोष्ट एसी केबिनची. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या पिकअपला हा नियम लागू नाही, पण ट्रकवाल्यांच्या काचा आता बंद राहणार आणि आवाजाची तक्रार वाढणार. कंपन्या फेल्टकडे वळतायत त्यामागे हे कारण आहे.

आता आपली काळी माती

लोहारा, सास्तूर, माकणी, जेवळी, कुठल्याही शिवारात पावसानंतर चालून बघा. चप्पल दहा पावलांत किलोभराची होते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात, थरांत पाणी शिरलं की माती फुगते आणि चिकटते, पाणी गेलं की आकसते आणि दगडासारखी होते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

हीच माती फेल्टवर बसली की बारीक कण तंतूंच्या आत जातात. दोन दिवस ऊन पडलं की आतल्या आत सुकून घट्ट धरतात. पुढच्या पावसात त्यावर दुसरा थर, मग तिसरा. लायनर जड होऊन खाली झुकतं. अशात गाडीत क्षमतेपेक्षा जास्त सोयाबीन भरलं, पाटे दबले, की टायर आणि लायनरमधलं अंतर संपतं. टायर मग लायनर घासत घासत ओरबाडून काढतो. प्लास्टिकवरही चिखल बसतोच, पण तो पृष्ठभागावर राहतो. पाण्याच्या झोताने निघतो, नाहीतर सुकल्यावर पापुद्र्यासारखा पडतो. फेल्टवर वॉशिंग सेंटरचा झोत जवळून मारला तर तंतू पिंजून निघतात.

खताचंही बघा. पोटॅश म्हणून जे खत आपण टाकतो त्यात क्लोराइड असतं, म्हणजे लोखंडासाठी ते मिठाचाच भाऊ. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत ओल्या फेल्टमध्ये मुरलं आणि ते फेल्ट पत्र्याच्या कडेला टेकलेलं असलं, तर गंज तिथूनच सुरू होतो. परदेशात रस्त्यावरच्या मिठाची जी तक्रार आहे तिची आपली आवृत्ती ही.

प्लास्टिक निर्दोष आहे असं मात्र नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, स्वस्त प्लास्टिक चार-पाच वर्षांत कडक होऊन तडकतं. त्याहून आधी दगा देतात त्या क्लिपा. दोन क्लिपा तुटल्या की कड लोंबते, मग बाइंडिंग वायरने बांधलेलं लायनर दिसतं. ती तार भोक मोठं करत जाते आणि शेवटी अख्खं लायनर रस्त्यावर. क्लिप ही फार किरकोळ वस्तू आहे, डझनभर आणून डॅशमध्ये ठेवा.

मग मामाला काय सांगितलं

मामाची गाडी वर्षातले चार महिने पाणंदीत असणार, म्हणून पुढे प्लास्टिक. मागे हौद्याखाली लायनरचा हट्टच धरू नका म्हटलं, चांगले रबरी मडफ्लॅप पुरे. जिथे बंदिस्त जागा नाही तिथे उघडा पत्रा रंग नीट असेल तर धुवायला सोपा. पण त्याचा एक मित्र उमरग्याहून हायवेने सोलापूर-हैदराबाद करतो, एसी गाडी, डांबर सोडून चाक खाली उतरत नाही. त्याच्यासाठी मी फेल्टच म्हणेन, आणि तेही कंपनीने त्या मॉडेलसाठी साच्यात बनवलेलं. ऑनलाइन ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं कुठलंही लायनर, फेल्ट असो की प्लास्टिक, दोघांनीही घेऊ नये. भोकं जुळत नाहीत, मग नवी पाडावी लागतात आणि नवं भोक म्हणजे गंजाला उघडं दार.

आवाजात फरक पडला का हे मोबाइलवर मोजता येतं, फक्त आकड्याचं डोक्यात घेऊ नका. फोनचा माइक प्रमाणित नसतो, त्यामुळे ‘७२ डेसिबल’ या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, ताशी ५० चा तोच वेग, काचा बंद, अशी आधी आणि नंतर दोन-तीनदा मोजणी केली तर फरक विश्वासाचा असतो. फोन शेजारी बसणाऱ्याने धरायचा. ३ डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा निम्मी, तरी कानाला तो फरक थोडाच वाटतो. कानाला निम्मं वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात आणि नुसत्या लायनरने एवढं होत नाही.

लायनर आधीच बसलेलं असेल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, एकदा ते खोलून मागे बघा. खोलायचं नसेल तर इंजिन बंद करून, गाडीला हँडब्रेक लावून, चाकाच्या वरच्या फटीत फोन टॉर्च चालू ठेवून सरकवा आणि व्हिडिओ काढा. कडेला साचलेली माती, सुटलेली वायर, तपकिरी डाग, तिन्ही दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीचं शुल्क वाढवलं आणि वाढीव दराची पायरी १५ ऐवजी १० वर्षांपासून सुरू केली. दहाव्या वर्षी शुल्क भरताना पत्राही कापून जोडायची वेळ आली तर दोन्ही खर्च एकदमच अंगावर येतात.

आणि बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. लायनरच्या बिलावर अजूनही २८ लिहिलेलं दिसलं तर तिथेच काउंटरवर विचारा.