औषधाची मात्रा आणि नफ्याचे गणित

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोरील पदपथावर बिऱ्हाड मांडून बसलेली कुटुंबे गिरणगावाच्या नजरेस नवी नाहीत. कर्करोगावरील प्रतिपिंड-औषधे ह्या माणसांच्या आवाक्याबाहेर का राहतात, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

निव्होलुमॅबचे उदाहरण घेऊ. रोगप्रतिकारक पेशींवरील ‘पीडी-१’ हा लगाम जपानमध्ये तासुकू होंजो ह्यांनी १९९२ साली उजेडात आणला. पुढे २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. तो लगाम सैल करणारे प्रतिपिंड ओनो व मेडारेक्स ह्या कंपन्यांनी घडविले. २००९ साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने मेडारेक्सच सुमारे २.४ अब्ज डॉलरना विकत घेतली. जीवतंत्रज्ञान कंपनीच्या मिळकतीचे मर्म येथे आहे. औषध विकण्यापूर्वी ती आशा विकते: आधी आगाऊ रक्कम, चाचणीचा टप्पा पार पडला की हप्ता, शेवटी विक्रीवरील स्वामित्वधन. ही सारी गुंतवणूक पेटंटाच्या मक्तेदारीतून वसूल व्हावयाची असते. साहजिकच किंमत केवळ उत्पादनखर्चावर ठरत नाही. श्रीमंत देशांतील विम्याची ऐपत हिशेबात प्रथम धरली जाते.

नफ्यावाचून असे शोध लागले नसते, हा युक्तिवाद खोटा नाही; पण तो अपुरा आहे. औषध मिलिग्रॅमवर विकले जात असताना, कमी मात्रेत भागते काय, हे तपासण्यात विक्रेत्याचे हित कसे असणार? ते काम टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला तीन आठवड्यांतून एकदा अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० च्या जागी ४०, अठरावा हिस्सा!

ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे विसरता कामा नये. परंतु पूर्ण मात्रा ज्यांना परवडतच नाही, त्यांच्यापुढे पर्याय अल्प मात्रा किंवा काहीच नाही, असाच असतो.

किंमत उतरविण्यासाठी आपण पेटंट-कायद्याकडे पाहतो, ते योग्यच. पण मात्रेचे संशोधन हेही किंमत-नियंत्रणच आहे आणि बाजार ते आपण होऊन करणार नाही. त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. परळच्या पदपथावरील माणसाला शोधाचा वाटा मिळेल, तर तो बहुधा ह्याच वाटेने.