घराची परीक्षा केव्हा करणार?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की कोल्हापुरातील आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक मागणी हमखास वाढते : ‘मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, ब्राह्मीचे काहीतरी द्या.’ काही वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलास मीही असेच दिले. अनिद्रा, अरुची, चिडचिड ही लक्षणे टिपली आणि ब्राह्मी घृत सुरू केले. तीन महिने गुण आला नाही. पुढच्या खेपेस आई एकटीच आली. वडिलांनी वर्षभर मुलाशी बोलणेच टाकले आहे, असे तिने सांगितले. नाडी मी पाहिली होती. घर पाहिले नव्हते.

ही उणीव शास्त्राची नव्हे. क्षीरप बालकाच्या व्याधीत सुश्रुताने धात्रीलाही औषध सांगितले आहे. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास पिशाचादिकांची भीती घालू नये, असे चरकाने शारीरस्थानात बजावले आहे. मूल अन्नाद झाले की औषध केवळ त्यालाच, हा नियम शरीरापुरता ठीक. मनाने मात्र किशोर अद्याप घराच्याच दुधावर असतो.

घराची परीक्षा कशी करावी? गॅब्रिएल स्मिल्कस्टीन या अमेरिकन कुटुंबवैद्याने 1978 साली ‘फॅमिली ॲपगार’ ही पाच प्रश्नांची पद्धत मांडली. अडचणीत घरच्यांची मदत मिळते का, प्रश्नांवर मोकळे बोलणे होते का, नवे काही करण्यास पाठबळ मिळते का, माया व्यक्त होऊन राग-दुःखाची दखल घेतली जाते का, एकत्र वेळ जातो का, याबाबत रुग्ण कितपत समाधानी आहे हे विचारावयाचे. प्रत्येक उत्तरास 0 ते 2 गुण. एकूण दहापैकी तीन वा त्याहून कमी आल्यास घराची घडी गंभीरपणे विस्कटली आहे, असे समजतात. मुलास व पालकांस वेगवेगळे विचारावे. उत्तरांतील तफावतच पुष्कळ सांगून जाते.

हे गुण म्हणजे रोगनिदान नव्हे आणि पालकांवरील आरोपपत्र तर नव्हेच. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा बाप मुलास वेळ देऊ शकत नाही, म्हणून तो निष्ठुर ठरत नाही.

‘घरगुती गोष्टी विचारल्यास लोक दुखावतील’, असा आक्षेप येईल. मल-मूत्राविषयी निःसंकोच विचारणाऱ्या वैद्याने हा संकोच का बाळगावा?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळले, म्हणजे साधारण चौदांत एक. त्यांतील कित्येक प्रथम आपल्याच दारी येतात. जीव देण्याची भाषा आढळल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही निःशुल्क सेवाही उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचार समजल्यास 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती : तीच बाटली तिसऱ्यांदा मागणाऱ्या मातेस ‘मुलाला वैद्यांकडे घेऊन या’, एवढे अवश्य सांगावे. आणि आपण वैद्यांनी रुग्णपत्रिकेवर ‘सत्त्व’ या रकान्याशेजारी ‘घर’ हा एक रकाना आजच आखावा.